पान चौदा

गुरुवारी संध्याकाळी डॉर्सीच्या दुकानात
मागच्या टेबलाशी आम्ही पाच जण बसतो.
शेजारी टायरचं गॅरेज, त्यामुळे आमच्या सगळ्या शौर्याला
रबराचा वास.
विषय एकच : मिस थिंबल. सेहेचाळीस वर्षं, पाचशे एकतीस अंक.
मधल्या बोटात चांदीचं अंगुस्तान,
एका दोऱ्यावर अख्खा पूल तोलून धरणारी,
दिवसा लोकांच्या पँटी आखूड करून देणारी.

विल्बर म्हणतो, पहिल्या चित्रकारानंतर सगळी उतरणच.
त्यानं तिला जाड मनगटं दिली होती, सपाट बूट,
कापडाच्या ताग्यासारखं ते उभं राहणं.
पुढच्यानं कंबर इतकी बारीक केली
की तीस वर्षं नर्स असलेली ओनीता
दर वेळी विचारते : आणि आतडी? ती कुठे ठेवते ही बाई?
थॅडियसला नव्वदीतले अंक आवडतात,
शाईची रेघ केसाएवढी,
टाके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.
त्यावर विल्बर पेला आपटतो. पेल्यात कॉफीच असते.

मग कुणीतरी अठ्ठावन्नाव्या अंकाचं नाव काढतं.
काढायचंच असतं.
पान चौदा. तिची बहीण तिच्या हातून सुटते.
बहुतेक प्रतींत केप निळी, नेहमीसारखी.
काही हजार प्रतींत हिरवी,
शेवाळलेल्या पाण्यासारखी; आकाशही तसलंच,
आणि मिस थिंबलचा चेहरा कावीळ झाल्यागत.
डॉर्सीकडे तशी एक प्रत आहे, काचेमागे,
किमतीची चिठ्ठी पालथी घातलेली.

मारिसेला, आमच्यातली सगळ्यात लहान, बाही वर सारते.
कोपरापासून मनगटापर्यंत तीच हिरवी केप गोंदलेली.
म्हणते, त्यानं दुःखाला रंग दिला,
पण धीर झाला नाही, म्हणून मोजक्याच प्रतींत.
म्हणते, आई गेली त्या महिन्यात
मी ते पान फोनवर उघडं ठेवून झोपायचे.
आणि त्रेसष्टाव्या अंकापासून केप कायमची हिरवी झाली ना?
मग. ठरलेलंच होतं सगळं.

मी कॉफी ढवळत राहते.
साखर मी घेतच नाही.

गावाबाहेरच्या छापखान्यात, जिथे आता गोदाम आहे,
पिवळ्या शाईच्या युनिटवर रात्रपाळीला मी होते.
पाणी सांभाळायचं, एवढंच काम.
पाणी कमी पडलं की शाईला हद्द राहत नाही,
नको तिथे पसरते.
पण त्या रात्री यंत्राच्या तोंडून
घडी होऊन पडलेला एक गरम अंक मी उचलला.
तेराव्या पानाशी बहिणीची बोटं निसटायला लागली होती.
तुम्हीच सांगा, कुणी मान वर केली असती?

वाचून झालं, शाईच्याच हातानं डोळे पुसले,
वर पाहते तर पट्ट्यावरून
एकामागून एक हिरव्या बायका धावतायत.
यंत्र थांबेपर्यंत कितीतरी गठ्ठे ट्रकवर चढले होते.
मुकादमानं दोन पाळ्यांचा पगार कापला.
पुढे वाचकांची पत्रं गेली म्हणे, पोती भरून,
आणि दूर न्यूयॉर्कमध्ये, मला कधीच न भेटलेल्या कुणीतरी
माझ्या त्या बेरंगातून
मिस थिंबलचं सुतक काढलं.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
खरं तर सांगण्यासारखं काय होतं त्यात,
वाचत बसले होते, एवढंच.

व्हर्ना, तू कधीच काही बोलत नाहीस, मारिसेला म्हणते,
आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवते,
तळवा वर, नाडी बघायला द्यावा तसा.
मी चष्मा चढवते. बराच वेळ बघते.
म्हणते, पिवळा जरा जास्त झालाय.

विल्बर हसतो. थॅडियस हसतो.
ती मात्र हात दिव्याखाली नेते, वळवून बघते.
कडेला ना? म्हणते.
तिथेच तर फार दुखलं होतं.